पिवळा दिवा

सी-५०४: [फोटो: संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचा मतदान फलक. हिरवा दिवा बाजूने, लाल विरोधात, पिवळा तटस्थ]
"१४९ देश गाझात युद्धबंदी मागतात आणि आपण पिवळं बटण दाबून गप्प बसतो. जगाला काय तोंड दाखवणार?"

सी-५०४: सकाळपासून तीन ग्रुपवर आला हा फोटो. खरं सांगायचं तर लाज वाटली.

बी-२०३: लाज कसली त्यात? ज्याने त्याने आपलं हित बघावं. बाकीचे काय वेगळं करतात?

ए-१०१ नाना: फोटो जुना आहे रे बाबा. १२ जून २०२५ चं मतदान आहे ते. बाजूने १४९, विरोधात १२, तटस्थ १९. त्या १९ त आपण होतो, हे खरं. पण बरोबर तीन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, पॅलेस्टाइन प्रश्नावरचा न्यूयॉर्क जाहीरनामा महासभेत आला तेव्हा आपला दिवा हिरवा होता. १४२ बाजूने, १० विरोधात, १२ तटस्थ. तो फोटो कोणी फिरवला नाही.

सी-५०४: म्हणजे तीन महिन्यांत मत फिरलं? मग तर अजूनच अवघड आहे नाना.

ए-१०१ नाना: ठराव दोन वेगळे होते. एक लगेच युद्धबंदी करा म्हणणारा, दुसरा इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशा दोन राष्ट्रांच्या तोडग्याचा. दुसरा आपल्या जुन्या भूमिकेत बसतो. १९४७ ला पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या योजनेविरुद्ध मत दिलं, १९७४ ला पीएलओला, म्हणजे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला मान्यता, १९८८ ला पॅलेस्टाइन राष्ट्राला. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ ला. दोन्ही घरी जेवायला जायचं तर दोन्हीकडे जपून बोलावं लागतं.

बी-२०३: बरोब्बर.

सी-५०४: जपून बोलणं आणि न बोलणं यात फरक आहे. तटस्थ राहिलं की ठराव पाडणाऱ्यांचंच फावतं ना?

ए-१०१ नाना: उलट आहे. महासभेत महत्त्वाच्या विषयाला दोनतृतीयांश लागतात, पण ते "हजर राहून मत देणाऱ्यांचे". मत म्हणजे फक्त हो किंवा नाही. पिवळं बटण दाबणारा मोजणीतच येत नाही. म्हणजे तू तटस्थ राहिलास की ठरावाला कमी हात पुरतात. पाडायचाच असेल तर लाल दाबावं लागतं.

ए-१०१ नाना: आणि गप्प बसतो हेही तितकंसं खरं नाही. आपल्याच सभेचं आठव. लिफ्ट बदलायच्या ठरावाला मी हात वर केला नव्हता. का, तर लिफ्ट हवी होती, पण एकाच कोटेशनवर नको होती. मी उभा राहून सांगितलं, "हे इतिवृत्तात लिहून घ्या." तिथे यालाच मतामागचं स्पष्टीकरण म्हणतात. दिवा एका सेकंदाचा असतो, स्पष्टीकरणाचं भाषण चारपाच मिनिटांचं. बातमीत दिवा येतो.

बी-२०३: नाना, लिफ्टचं नका काढू. अजून दोन हप्ते बाकी आहेत.

ॲडमिन: कृपया राजकीय चर्चा टाळावी. सोसायटीचे नियम सर्वांना माहीत आहेत.

सी-५०४: पक्षाचं नाव कोणी घेतलंय का? परराष्ट्र धोरण बोलतोय.

ए-४०२: आमचा मुलगा दोह्यात आहे. ९ सप्टेंबर २०२५ ला तिथे इस्रायलचा हल्ला झाला तेव्हा रात्रभर फोन धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी कतारच्या अमीरांना फोन केला. कतारच्या सार्वभौमत्वाच्या उल्लंघनाचा भारत निषेध करतो, असं सांगितलं. बरं वाटलं. यांनी मात्र बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, "निषेध आहे, पण हल्ला कोणी केला ते नावच नाहीये यात."

ए-१०१ नाना: वहिनी, साहेबांनी नेमकं पकडलं. या भाषेत शब्दांच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खाली "आम्ही नोंद घेतली आहे". मग "चिंता", मग "तीव्र चिंता", त्यावर "खेद", आणि शेवटी "निषेध". आणि निषेधातही कर्ता घालायचा की नाही हा वेगळाच निर्णय. आपली मंडळी क्रिया लिहितात, कर्ता गाळतात. शाळेत मार्क कापले असते.

बी-३०२: मी या ग्रुपवर असल्या विषयावर लिहीत नाही. पण २ मार्च २०२२ विसरता येत नाही म्हणून लिहिते.

मुलगी युक्रेनमध्ये खारकीवला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. आदल्या दिवशीच तिथे गोळाबारात कर्नाटकातला एक विद्यार्थी गेला होता. त्या दिवशी दूतावासाची सूचना आली की खारकीव ताबडतोब सोडा, वाहन नाही मिळालं तर चालत निघा, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्काला पोचा. रेल्वे स्टेशनपासून ११, १२ आणि १६ किलोमीटर. ही नावं मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागे लिहून घेतली होती, अजून आहेत. लेक थंडीत चालत होती. बॅटरी वाचवायला तासातासाने फक्त "चालतेय" एवढंच पाठवायची.

रात्री टीव्हीवर महासभेचा असाच फलक, रशियाच्या हल्ल्याविरुद्धच्या ठरावाचा. १४१ हिरवे, ५ लाल, ३५ पिवळे. मिस्टर म्हणाले, "आपण पिवळ्यात." मी म्हटलं, राहू दे पिवळ्यात, आधी तिला पोचू दे. तिथे दोन्ही बाजूंशी बोलणारं कोणीतरी लागत होतं.

सी-५०४: काकू, हे माहीतच नव्हतं मला. सॉरी.

बी-३०२: सॉरी कशाला? अर्धंच सांगितलंय. तिची रूममेट खारकीवचीच. तिने नंतर मेसेज करून विचारलं होतं, "तुमच्या देशाने आमच्यासाठी काय केलं?" लेकीने तो मेसेज मला दाखवला. काय उत्तर द्यायचं ते मलाही सुचलं नाही. तिने दिलंच नाही शेवटी.

ए-१०१ नाना: ताई, त्या मुलीचा प्रश्न रास्त होता. ५ एप्रिल २०२२ ला सुरक्षा परिषदेत आपण युक्रेनमधल्या बुचा शहरातल्या हत्यांचा निःसंदिग्ध निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला. तिथेही कर्ता नाही. पण त्या वर्षीचं आपल्या बाजूचं सगळ्यात स्पष्ट वाक्य मला तेच वाटतं.

बी-२०३: रशिया १९७१ ला आपल्या पाठीशी उभा होता हे नव्या पिढीला कुणी सांगायचं?

ए-१०१ नाना: ते सांगूच, पण पूर्ण सांगू. त्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेतले युद्धबंदीचे ठराव सोव्हिएत युनियनने नकाराधिकार वापरून अडवले. मग प्रश्न महासभेत गेला. तिथे ७ डिसेंबरला काय झालं माहितीय? १०४ विरुद्ध ११, तटस्थ १०. युद्धबंदी करा, सैन्य मागे घ्या. त्या ११ त आपण होतो. जवळजवळ सगळं जग एकीकडे आणि आपण लाल दिव्यात. तरी आपली बाजू चुकीची होती असं आज इथे कोणी म्हणेल का? म्हणून नुसता फलक बघून लाज किंवा अभिमान वाटून घ्यायला मी तयार नसतो.

ए-१०१ नाना: १९६८ ला चेकोस्लोव्हाकियातलं प्राग, १९७९ च्या अखेरीस अफगाणिस्तान, दोन्ही वेळा सोव्हिएत सैन्य घुसलं आणि दोन्ही वेळा आपण तटस्थ. सरकारं बदलली, ही सवय नाही बदलली.

सी-५०४: मान्य. पण एक विचारतो, नाना. २७ ऑक्टोबर २०२३ ला गाझाच्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो. इस्रायलवरच्या ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याबद्दल हमासचं नाव घालणारी कॅनडाची दुरुस्ती होती, तिला आपण पाठिंबा दिला, ती पडली. म्हणजे आपली अडचण काय होती ते कळलं. मग १२ डिसेंबरच्या ठरावातही हमासचा निषेध नव्हता, तरी आपण बाजूने मत दिलं. १५३ हिरवे. तत्त्व जर तेच असेल तर दीड महिन्यात दिवा का बदलला? आणि जून २०२५ मध्ये पुन्हा पिवळा?

ए-१०१ नाना: ...

ए-१०१ नाना: टाइप करून दोनदा खोडलं. इथे मी अडकतो. डिसेंबरपर्यंत गाझातल्या मृत्यूंचा आकडा फार वाढला होता, अरब देशही बघत होते, ही कारणं समजतात. जूनच्या वेळी युद्धबंदी चर्चेतून व्हावी असं कारण दिलं गेलं. पण त्यात तत्त्व किती आणि दिवस बघून केलेला हिशेब किती, हे मला पटवून सांगता येणार नाही. तुझा मुद्दा खरा आहे.

बी-२०३: हिशेब असला तर काय बिघडलं? फक्त बिल कोण भरतं तेही बघा. रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं. आम्ही पितळी फिटिंग पाठवतो तिकडे. तेव्हा तयार पेट्या गोदामात पडून होत्या, आणि गिऱ्हाईक फोनवर गोड बोलून म्हणत होता "थोडं थांबू". तरी मी तेल घेऊ नका म्हणणार नाही.

सी-५०४: काका, सकाळी तुम्ही "आपलं हित" म्हणालात ते आता कळलं. पण तुमचं हित आणि रिफायनरीचं हित एकच आहे का?

बी-२०३: प्रश्न चांगला आहे. उत्तर गोदामात ये, तिथे देतो.

ए-४०२: मुलगा म्हणतोय, दोह्यात त्याच्या ऑफिसात पाकिस्तानी, फिलिपिनो, इजिप्शियन सगळे एकाच टेबलावर जेवतात. युद्धाचा विषय निघाला की हा डबा झाकून चहा आणायला उठतो.

बी-३०२: तटस्थ!

ए-४०२: हो ना. आणि चहा सगळ्यांसाठी आणतो म्हणे.

ॲडमिन: उद्या स. १० ते १२ टाकी धुण्याचे काम. पाणी भरून ठेवावे.

सी-५०४: नाना, डिसेंबर २०२३ मधलं आपल्या प्रतिनिधींचं भाषण तुमच्याकडे आहे का? दिवा बघितला, आता इतिवृत्त वाचतो.

ए-१०१ नाना: कात्रण होतं. शोधतो. तू ये चष्मा घेऊन, अक्षर बारीक आहे.