प्रतिसाद: एकदा तलावपाळीवर जाऊन बघा
"नोकरीसाठी ठाण्यात आलोय, पण इथे ट्रॅफिकशिवाय आहे काय?" असं वर विचारलंय, म्हणून लिहितो. मी सांगलीचा. घोडबंदर रोडने सुरुवातीला मलाही रडवलं होतं.

एका संध्याकाळी तलावपाळीला गेलो आणि जीव रमला. कागदोपत्री तो मासुंदा तलाव, पण रिक्षावाल्याला तलावपाळीच सांगा. कट्ट्यावर आजोबा मंडळी, पाण्यात होड्या, काठावर कौपिनेश्वराचं देऊळ. गडकरी रंगायतनचं नाटक सुटलं की लोक बाहेर उभ्या उभ्या दुसऱ्या अंकावर तावातावाने बोलतात. मी एकदा नुसता ऐकत थांबलो, तर एका काकांनी "तुम्हाला काय वाटलं हो?" म्हणून मलाही ओढलं!

16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. मला तो अभिमान फार आवडतो.

मामलेदारची मिसळ खाच, पण तिखट जपून. आणि दिवाळीत पहिल्या पहाटे राम मारुती रोडवर या. नवे कपडे घातलेली तरुणाई, ढोलताशा, जुन्या मित्रांच्या गळाभेटी. यंदा मीही तिथेच असेन.