लाइट गेली की डॉकर कंटेनरचा आयपी बदलतो, एपीआयला डेटाबेस सापडत नाही

पॅकहाऊस_पिंपळगाव:
नमस्कार मंडळी, पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊससाठी वजनाच्या नोंदीचं सॉफ्टवेअर केलंय, क्रेट काट्यावर ठेवला की शेतकऱ्याचं नाव, प्लॉट नंबर आणि वजन सेव्ह होतं. एकाच लिनक्स मशीनवर डॉकरचे दोन कंटेनर (प्रोग्रॅम चालवायचे वेगवेगळे डबे) आहेत, वजन-डीबी मध्ये पोस्टग्रेस डेटाबेस आणि दुसऱ्यात एपीआय, म्हणजे नोंदी डेटाबेसमध्ये टाकणारा प्रोग्रॅम, दोन्ही साध्या डॉकर रनने चालू केलेले. नावाने डेटाबेस सापडेना म्हणून डॉकर इन्स्पेक्ट कमांडने बघून १७२.१७.०.२ हा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) एपीआयच्या एन्व्हायरन्मेंटमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये टाकला, महिनाभर व्यवस्थित चाललं. काल दुपारी लाइट गेली, मशीन परत उठलं तर दोघांचे आयपी अदलाबदल झालेले, बाहेर पिकअपची रांग आणि आम्ही तासभर वहीत वजनं लिहित होतो. सीझन चालू आहे, डीबीचा कंटेनर उडवून परत करायची भीती वाटते. चालू कंटेनरला कमांडने नेटवर्क जोडता येतं का?

सातपूर_सर्व्हर:
येतं की, डीबीला उडवू नकोस. नेटवर्क न सांगता रन केलं की कंटेनर डिफॉल्ट ब्रिजवर, म्हणजे डॉकरच्या तयार नेटवर्कवर जातो, तिथं नावावरून शोधायची सोय नाही आणि जो आधी उठेल त्याला पहिला मोकळा आयपी मिळतो. आपण बनवलेल्या ब्रिजवर मात्र डॉकरचा स्वतःचा डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सोय) असतो, कंटेनरच्या आतून तो १२७.०.०.११ वर दिसतो, आयपी कितीही बदलू दे तो नावावरून बरोबर जागी पोचवतो. तर आधी

डॉकर नेटवर्क क्रिएट वजननेट

मग

डॉकर नेटवर्क कनेक्ट --अलायस डीबी वजननेट वजन-डीबी

टाईप अर्थातच इंग्रजी अक्षरांत कर, अलायस म्हणजे टोपणनाव. डीबी चालू असतानाच जोडला जातो आणि रीस्टार्टनंतरही जोडलेला राहतो. एपीआयचं वेगळं आहे, एन्व्हायरन्मेंट कंटेनर बनतानाच ठरतं, म्हणून तो काढून --नेटवर्क वजननेट देऊन नव्याने रन करावा लागेल आणि होस्ट म्हणून डीबी लिही. त्यात डेटा नसेल तर काही धोका नाही.

अंबड_लिनक्स:
कनेक्ट करताना --आयपी देऊन आयपीच फिक्स करून टाका की, एपीआयला हात लावायला नको.

सातपूर_सर्व्हर:
नाही दादा, --आयपी फक्त नेटवर्क बनवताना स्वतः --सबनेट (आयपींचा पट्टा) दिलेलं असेल तरच चालतं, आणि जुना १७२.१७ वाला तर डिफॉल्ट ब्रिजचा आहे, तो नव्या नेटवर्कमध्ये मिळणार नाही, म्हणजे एपीआय बदलावा लागणारच, मग नावानेच करू दे, पुढच्या वेळी कुणाला आयपी शोधत बसायला नको.

पॅकहाऊस_पिंपळगाव:
पहिल्यांदा कंटेनरचं नाव आधी टाकलं तर नेटवर्क सापडत नाही म्हणाला, उलटं केल्यावर जोडलं गेलं. एपीआय पण नव्याने रन केला, पण आता कनेक्शन रिफ्यूज्ड येतंय. पोर्ट ५४३३ दिलाय कारण मशीनवर आधीचा एक पोस्टग्रेस ५४३२ वर आहे.

गंगापूररोड_डेव्ह:
पोर्टच चुकलाय भाऊ. ५४३३ हा मशीनवरून आत यायचा दरवाजा, कंटेनर ते कंटेनर बोलताना आतलाच पोर्ट लागतो म्हणजे ५४३२, तिथं त्या जुन्या पोस्टग्रेसचा काही संबंध येत नाही. फक्त एपीआयच डेटाबेस वापरत असेल तर मशीनवर तो पोर्ट उघडायची पण गरज नाही. आणि एपीआय नव्याने करताना रीस्टार्ट पॉलिसी (मशीन उठल्यावर कंटेनर आपोआप चालू करायचं सेटिंग) परत दिलीस का बघ, जुन्या कंटेनरची आपोआप येत नाही.

पॅकहाऊस_पिंपळगाव:
ताई, पॉलिसी खरंच राहिली होती, डॉकर अपडेट कमांडने लावली. ५४३२ केल्यावर लगेच जोडलं. दोन्ही बंद करून मुद्दाम आधी एपीआय उठवला, नंतर डीबी, एपीआय थोडा वेळ थांबला आणि नावावरून स्वतःच जोडला गेला. आता काट्यावर बसलोय, वहीतल्या कालच्या नोंदी चढवतोय.