उभी राहिलेली ट्राम पुन्हा माणसं घेऊन धावायची तर आधी काय बघतात?

वेंगुर्ल्याचा नातू:
माझे आजोबा मुंबईत ट्रामवर कंडक्टर होते. त्यांची तिकिटं पंच करायची चिमटी अजून आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. यंदा लेकीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा तिने डर्बीशरमधल्या क्रिचच्या ट्राम संग्रहालयात नेलं. दारात जुनी पेनी हातावर ठेवतात, ती कंडक्टरला दिली की तिकीट. वरच्या मजल्यावर बसलो आणि डोळे भरून आले. तिथे विजेच्या ट्राममधून प्रवासी फिरायला लागले १९६४ साली. आणि आपली शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ ला! वर्षानुवर्षं उभी असलेली ट्राम पुन्हा प्रवाशांच्या लायकीची कशी करतात? रंगरंगोटी सोडून सांगा.

चिपळूणचा सुतार:
लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात डब्यांच्या लाकूडकामात माझी सगळी नोकरी झाली. ट्राम कधी हाताखाली आली नाही, पण लाकडाचा स्वभाव तोच. सगळ्यांचा डोळा मोटरीवर असतो. मी आधी खाली वाकेन. छपराच्या फटीतून शिरलेलं पाणी खांबांतून उतरतं आणि तळच्या तुळईत मुरतं. वरून सागवान ठणठणीत दिसतं, पटाशीचं टोक टेकवलं की भुसा. आपल्या होड्यांचंही तेच, कुजतं ते सांध्यात. डबलडेकर असेल तर दोन्ही टोकं आधी उघडा. ती चाकांच्या पुढे अधांतरी असतात आणि जिन्याचा, चढणाऱ्यांचा सगळा भार तिथेच येतो. लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लेप, भरून रंग दिलेला डबा बघायला छान. पण माणसं भरून वळणावर गेला की सांगाडा पिळवटतो, तिथे लांबी काही धरून ठेवत नाही. कुजलेलं कापून जुनं, मुरलेलं सागवानच जोडायचं. मूळ लाकूड गेल्याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं. काढलेला प्रत्येक तुकडा नाव लिहून जपावा. पण आत माणूस बसणार असेल तर जीव आधी.

रत्नागिरीचा वायरमन:
काकांचं बरोबर. ट्रामला साधारण ५५० ते ६०० व्होल्ट डीसी लागतो. वरच्या तारेतून येतो, रुळांतून परत जातो. मोटरीचं जुनं इन्सुलेशन ओल धरतं, मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावल्याशिवाय सप्लाय द्यायचा नाही. वाइंडिंग, म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी, गेलं असेल तर नवं भरून, व्हार्निश देऊन भट्टीत सुकवतात. एक्सलला, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याला, आतून चीर नाही ना, ते अल्ट्रासोनिकनं बघायचं. शेवटी ब्रेक: माणसांऐवजी वाळूची पोती भरून उतारावर थांबवून बघायचं.

वेंगुर्ल्याचा नातू:
खूप आभार दोघांचे. काका, तुम्ही ती शेवटची ट्राम पाहिली होती का? आजोबा त्या रात्री ड्युटीवर होते असं आई सांगायची.

चिपळूणचा सुतार:
पाहिली. ९ वर्षांचा होतो. खोदादाद सर्कलला उभे होतो. दादर टीटी म्हणतात ना, ते टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. गर्दीत काही दिसेना, बाबांनी खांद्यावर घेतलं तेव्हा वरच्या मजल्याचे दिवे दिसले. चिमटीचा फोटो टाका. आणि स्प्रिंगला शिवणयंत्राचं तेल देत राहा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ती आधी गंजते.