घडत असलेला देव पटतो का?

दांडियाबाजारकर
थेट मांडतो. उत्क्रांती खरी मानायची आणि देव मात्र आधीपासून पूर्ण, जगाबाहेर बसून बघणारा मानायचा, हे दोन्ही एकदम मला झेपत नाही. आजवर जन्मलेल्या बहुतेक प्रजाती नामशेष झाल्या. हे सगळं कुणी आधीच ठरवून ठेवलं असेल, तर तो देव क्रूर आहे. व्हाइटहेड हा गणिती 1929 सालच्या ग्रंथात वेगळं सांगतो. देव हुकूम सोडत नाही. घडणाऱ्या प्रत्येक क्षणापुढे त्यातल्या त्यात बरी शक्यता ठेवतो. ती घ्यायची की नाही, हे त्या क्षणाच्या हाती. आणि जे घडतं ते दुःखासकट देवात सामावतं. म्हणजे जगामुळे देवही बदलतो.

आपल्या वडोदऱ्याचा तर या विचाराशी घरोबाच आहे. अरविंद घोष 1893 ते 1906 इथे नोकरीला होते. पुढे 1914 पासून पाँडिचेरीहून निघणाऱ्या ‘आर्य’ मासिकात त्यांनी मांडलं की जडातच चैतन्य दडलेलं आहे, त्यातून प्राण उमलला, मग मन, आणि माणूस हा काही शेवटचा मुक्काम नव्हे. दांडिया बाजारातल्या त्यांच्या बंगल्यावरून आपण येतो-जातो, पण ते काय म्हणत होते यावर बोलत नाही. म्हणून हा धागा.

विश्वामित्रीकाठ
जीवशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. जड, प्राण, मन, मग मनापलीकडचं ‘अतिमन’ ही शिडी निसर्गात कुठेच नाही. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात आपल्या सोसायट्यांमध्ये मगरी शिरल्या, आठवतंय ना? त्यांचे पूर्वज डायनासोरांच्या काळात होते. डायनासोर गेले, ही शाखा टिकली, आणि ‘मना’कडे जायची तिला काही घाई दिसत नाही.

त्याहून पुढचं सांगते. सॅक्युलिना नावाचा एक परजीवी खेकड्यावर जगतो. लहानपणी तो पाय मारत पाण्यात पोहतो. खेकड्याच्या अंगात शिरला की पाय नाहीत, आतडं नाही. मुळांसारखे तंतू होऊन खेकडाभर पसरतो आणि त्याची पिल्लं व्हायची सोयच संपवतो. हीसुद्धा उत्क्रांतीच, आणि उत्तम जमलेली. ‘बरी शक्यता’ इथे नेमकी कुणापुढे ठेवली होती?

सूरसागर
दादा, मी तत्त्वज्ञान शिकलेली नाही, पण ‘अमृतानुभव’ वर्षानुवर्षं वाचते. ज्ञानोबा जगाला खोटं म्हणत नाहीत, ते चैतन्याचा विलास म्हणतात. विलास उणिवेतून येत नाही, भरलेपणातून येतो. पूर्णाला घडावं लागत नाही.

आणि अरविंदबाबूंचं अर्धंच सांगितलंत. 1907 च्या डिसेंबरात सुरतेची काँग्रेस उधळल्यावर ते इथे आले. विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर वाड्यातल्या वरच्या खोलीत तीन दिवस बसले. तिथे मिळालं ते काय? मन निःशब्द झालं आणि जग चित्रांसारखं वाटू लागलं. वडोदऱ्यात त्यांना भेटलं ते न बदलणारं ब्रह्म.

माझी आई शेवटी आयसीयूत होती. बाहेरच्या बाकावर रात्रभर नामस्मरण करत बसले. ज्याला स्वतःलाच अजून घडायचंय, त्याचा आधार मी त्या रात्री कसा घेतला असता?

दांडियाबाजारकर
सूरसागरताई, लेल्यांचं बरोबर. पण अरविंद तिथे थांबले नाहीत. काही महिन्यांतच अलीपूरच्या तुरुंगात त्यांना भिंती, झाडं, कैदी, सगळ्यांत वासुदेव दिसला. निःशब्द ब्रह्म आणि हलतं जग दोन्ही खरी, या जागेवरून त्यांनी पुढचं सगळं लिहिलं.

तुमच्या त्या रात्रीबद्दल जपून बोलतो. सगळं थांबवू शकत होता आणि तरी थांबवलं नाही, अशा देवापाशी मी बसू शकलो नसतो. थांबवणं ज्याच्या हाती नाही, पण जो तिथून हलत नाही आणि ज्याच्या मनाला ते लागतं, त्याच्यापाशी बसलो असतो.

विश्वामित्रीकाठ, शिडीवरचा आक्षेप तेयार द शार्दँला नक्की लागू होतो. चीनमध्ये जीवाश्मांवर काम केलेला हा जेझुइट पाद्री सगळी उत्क्रांती एका अंतिम बिंदूकडे चालली आहे असं मानायचा. ती हमी मी देत नाही. व्हाइटहेडचा देव मन वळवतो, निकाल ठरवत नाही. सॅक्युलिना त्याच्या जगात बसतो. सर्वशक्तिमान, दयाळू देवाच्या जगात तो कसा बसवणार?

सूरसागर
लागतं म्हणता, ते मला कळतं. विठ्ठलालाही भक्ताचं लागतंच. पण तो विटेवरून हलत नाही, म्हणून त्याच्याकडे जाता येतं.

विश्वामित्रीकाठ
दादा, निकाल न ठरवणारा, दिशेची हमी न देणारा देव मानला, तर माझ्याशी भांडण उरत नाही हे खरं. पण मग एवढंच विचारते: तो नसता तर सॅक्युलिनाच्या गोष्टीत कोणता फरक पडला असता?

दांडियाबाजारकर
सॅक्युलिनाच्या गोष्टीत कोणताच नाही, तुमच्या प्रयोगशाळेत देव सापडणार नाही. फरक खेकड्याच्या बाजूने आहे. देव नसता, तर खेकड्याचे ते हाल कुणालाच लागले नसते.