मदत हवी आहे : ‘कोसला’ बारकाईने कशी वाचावी?

नमस्कार मंडळी. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी (1963) कॉलेजात असताना एका दमात वाचली होती, गोष्ट सांगणाऱ्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकराच्या तिरकस बोलण्यावर खूप हसलेही होते. आता पेन्सिल घेऊन सावकाश वाचतेय. गोष्ट माहीत आहे, ती कशी सांगितलीय ते बघायचंय.

अडचण अशी की समासात खुणाच खुणा झाल्यात, पण त्यातून हाती काही लागत नाही. उदाहरणार्थ (बघा, पांडुरंगाच्या या शब्दाची मलाही लागण झाली!) त्याचं ते ‘वगैरे’. वडिलांबद्दल बोलताना ते मला चिडवल्यासारखं वाटतं, तर पुण्यातल्या खर्चाच्या, मेसच्या भानगडींत नुसतं हात झटकल्यासारखं. धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या भागात ही लकब किती टिकते, ते आता ओळीओळीने तपासतेय. अशा खुणांवरून अर्थापर्यंत कसं जायचं? की मी उगाच कीस पाडतेय?

दुसरं, मध्येच निवेदन सोडून डायरी सुरू होते. ती सलग वाचावी की आधीच्या प्रकरणांशी ताडून?

समीक्षेची पुस्तकं नंतर वाचेनच. तुम्ही स्वतः एखादं पान कसं वाचता, काय टिपता, ते सांगा ना. एखाद्या परिच्छेदावर करून दाखवलंत तर फारच उत्तम.