चार भुजांचा पीनायपॅम स्टार: क्लाउड पॉइंट २५ अंशांवर, हा आकाराचाच परिणाम म्हणायचा का?

गाभा_आणि_भुजा:
नमस्कार. पेंटाएरिथ्रिटॉलच्या गाभ्याला चार ट्रायथायोकार्बोनेट जोडून राफ्टने (साखळ्यांची लांबी ताब्यात ठेवणारी पॉलिमर बनवायची पद्धत) पीनायपॅमचा (थंड पाण्यात विरघळणारा, तापल्यावर बाहेर पडणारा पॉलिमर) स्टार बनवलाय. आर-गट (राफ्ट एजंटचा साखळी सुरू करणारा भाग) गाभ्याकडे, डोडेसाइलची (बारा कार्बनची) शेपूट बाहेरच्या टोकाला. द्रावक डायऑक्सेन, प्रक्रिया सुरू करायला एआयबीएन, ७० अंश. दर भुजेला साधारण ५० एककं, म्हणजे एनएमआरवरून रेणुभार २४,००० च्या आसपास. जीपीसी (रेणू आकारानुसार वेगळे करणारं तंत्र; टीएचएफ द्रावक, पॉलिस्टायरीन कॅलिब्रेशन) मात्र १५,००० दाखवतं, आणि शिखराच्या जड बाजूला छोटा खांदा आहे.

पाण्यात, दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम घेतलं तर २५ अंशांनाच द्रावण दुधाळ होतं, तोच क्लाउड पॉइंट. साध्या पीनायपॅमचा आकडा ३२. डीएलएसमध्ये (प्रकाशविकिरणावरून कणांची त्रिज्या मोजणं) १५ अंशांनासुद्धा त्रिज्या ३० नॅनोमीटर येते. गाइड म्हणतात, ‘तारकाकृती रचनेमुळे एलसीएसटी घसरतो’ (म्हणजे पॉलिमर पाण्यातून बाहेर पडायचं तापमान) असं लिहून टाक. लिहू का?

द्रावणवाली:
एवढ्यात लिहू नका. तुमच्याच मोजमापात याचं उत्तर आहे: १५ अंशांना ३० नॅनोमीटर. २४,००० रेणुभाराचा एकटा स्टार पाण्यात नीट विरघळला असेल, तर त्याची त्रिज्या ४ नॅनोमीटरच्या आसपास हवी. म्हणजे तापवण्याआधीच तुमचे स्टार घोळक्याने फिरताहेत. अशा द्रावणाचा क्लाउड पॉइंट हा एकेका रेणूचा गुण नाही, घोळक्याचा आहे.

माझा संशय थेट डोडेसाइलवर आहे. चार शेपट्या मिळून वजनात जेमतेम ३ टक्के, पण त्या चारही बाहेरच्या टोकांना आहेत. पाण्याला टाळायला त्या एकमेकींत शिरतात. एकाच स्टारच्या वळून एकत्र येतात, नाहीतर शेजारच्या स्टारमध्ये घुसून दोघांना बांधून ठेवतात. सरळ साखळीला असं टोक एकच असतं, म्हणून तिथे हा प्रकार इतका जाणवत नाही. भुजा आखूड असतील तर आणखी वाईट, कारण टोकांचा वाटा वाढतो.

तेव्हा आधी टोकं काढा. खोलीच्या तापमानाला हेक्झिलअमाइन घाला, सोबत थोडं ट्रायब्युटिलफॉस्फीन आणि त्याच भांड्यात भरपूर हायड्रॉक्सिएथिल अ‍ॅक्रिलेट. ऑक्सिजन आधी काढून घ्या. फॉस्फीन आणि अ‍ॅक्रिलेट टाळून चालणार नाही: टोकं तुटून मोकळे झालेले थायॉल (गंधक-हायड्रोजन गट) डायसल्फाइड (गंधक-गंधक बंध) करून स्टारला स्टार जोडतात, आणि चार टोकांच्या रेणूत त्याचं जाळं व्हायला वेळ लागत नाही. ट्रायथायोकार्बोनेटचा पिवळा रंग डोळ्यांदेखत फिका होत जातो, ते बघायला मला अजूनही फार आवडतं. पण रंगावर थांबू नका, ३१० नॅनोमीटरचं शोषण गेलंय का ते यूव्हीवर बघा. मग डायलिसिस.

तुलनेसाठी ५० आणि २०० एककांच्या सरळ साखळ्या करा, टोकांवर अगदी तीच प्रक्रिया करून. राफ्ट एजंटचं आम्लाचं टोक तसंच ठेवू नका, एस्टर करून घ्या. आम्लाचं आयन झालं की क्लाउड पॉइंट वर ढकलला जातो आणि तुलना बिघडते. सगळ्यांना एकच तीव्रता आणि तापवण्याचा एकच वेग ठेवा. एवढं करूनही फरक उरला, तर तो आकाराचा म्हणायला तुमच्याकडे आधार असेल. माझ्या मते तेव्हाही गाभ्याचा पाणीद्वेष वेगळा मोजावा लागेल. गाभ्याजवळ भुजांची गर्दी असते आणि तिथल्या एककांना पाणी कमी मिळतं.

जीपीसी_खोलीतून:
जीपीसीपुरतं सांगतो. टीएचएफ सोडा. पूर्ण सुकवलेला पीनायपॅम त्यात गुठळ्या धरतो, कॉलमलाही चिकटतो. डीएमएफ द्रावक आणि लिथियम ब्रोमाइड वापरा, शक्य असेल तर बहुकोनी प्रकाशविकिरणाचा डिटेक्टर लावा. स्टार आटोपशीर असतो, म्हणून सरळ साखळ्यांच्या कॅलिब्रेशनवर हलका दिसतो. आदर्श चार भुजांच्या स्टारचा त्रिज्या-वर्ग त्याच वजनाच्या सरळ साखळीच्या ०.६२५ पट, झिम-स्टॉकमायरचं सूत्र. जड बाजूचा खांदा बहुधा स्टार-स्टार जोडणीचा. वाढत्या साखळीचा मूलक (रॅडिकल) बाहेरच्या टोकावर असतो, दोन स्टार भिडले की जुळतात. एआयबीएन कमी करा आणि प्रक्रिया लवकर थांबवा.

गाभा_आणि_भुजा:
टोकं काढली. पिवळेपणा गेला, ३१० चं शिखर गेलं. १५ अंशांना त्रिज्या आता ५ नॅनोमीटर, मोठा गट नाही. क्लाउड पॉइंट ३१ वर आला! सरळ साखळ्यांचं काम सुरू आहे. एक विचारायचं होतं: थंड करताना द्रावण २९ अंशांना स्वच्छ होतं. हे चालेल का?

द्रावणवाली:
चालेल, पीनायपॅममध्ये ते अपेक्षित आहे. आकसलेल्या भुजांमध्ये अमाइड-अमाइड हायड्रोजन बंध होतात, ते सुटायला वेळ लागतो. तापवणं-थंड करणं दोन्हींचे आकडे वेगासकट द्या. आणि डीएलएसला पायऱ्या-पायऱ्यांनी तापवा, प्रत्येक तापमानाला द्रावण स्थिर होऊ द्या. ३१ च्या जरा अलीकडे त्रिज्या आधी किंचित कमी होते का ते मला कळवा.