खूण करणारे सगळेच निरक्षर नव्हते
अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीतल्या सतराव्या शतकातल्या मृत्युपत्रांवर बऱ्याच स्त्रियांनी सहीऐवजी नुसती खूण केलेली आढळते, म्हणून तिथल्या प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) समाजात स्त्रियांना अक्षरओळख नव्हती, असा निष्कर्ष काढला जातो. आकडेवारीबद्दल वाद नाही, निष्कर्ष मात्र पटत नाही. त्या काळी वाचन आणि लेखन ही दोन वेगळी कौशल्ये मानली जात. वाचन आधी, तेही बहुधा घरी आईकडून किंवा शेजारच्या एखाद्या बाईंच्या स्वयंपाकघरातल्या शाळेत. लेखन नंतर, पुरुष शिक्षकाकडे, आणि मुख्यतः मुलग्यांना, कारण पिसाची लेखणी तासून वळणदार अक्षर काढणे हे व्यापाराला उपयोगी पडणारे कसब समजले जाई. मुलांच्या हाती पहिल्यांदा येई ती मूठ असलेली छोटी लाकडी फळी: तिच्यावर मुळाक्षरे आणि येशूने शिकवलेली प्रार्थना छापलेला एकच कागद, आणि तो मळू नये म्हणून वर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा. लिहिण्याची त्यात सोयच नव्हती. १६४२ च्या कायद्यानेही पालकांवर आणि मालकांवर मुलांना वाचायला शिकवण्याचीच जबाबदारी टाकली, लेखनाचा उल्लेख केला नाही. पन्नास कुटुंबांच्या गावाने लेखन-वाचन शिकवणारा शिक्षक नेमावा, ही सक्ती १६४७ ची. तेव्हा बायबल रोज वाचणारी, पण स्वतःचे नाव लिहू न शकणारी बाई तिथे मुळीच विरळा नसावी, आणि तिला आपल्या अर्थाने अंगठेबहाद्दर म्हणणे चुकीचे ठरेल.